क्लोरोफॉर्म, श्वसन आणि हैदराबाद : १८८८-८९ च्या दोन आयोगांचा इतिहास

प्रास्ताविक

माणूस जागा असो वा झोपलेला, त्याचा श्वास चालूच असतो. मोठ्या माणसाचा श्वास विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारणपणे १२ ते २० वेळा चालतो. दिवसभरात ही संख्या वीस हजारांच्या आसपास जाते. यासाठी माणसाला वेगळे लक्ष द्यावे लागत नाही. हे काम शरीरातील कोणते केंद्र करते आणि ते केंद्र औषधाने मंदावले तर काय होते, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात केवळ अभ्यासाचा राहिला नव्हता. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रोज त्याचा संबंध रुग्णाच्या जिवाशी येत होता. या प्रश्नावरील एक मोठा प्रयोग लंडन किंवा पॅरिसमध्ये नव्हे, तर निजामाच्या हैदराबाद शहरात झाला. मराठवाड्याचा मराठी मुलूख त्या वेळी याच संस्थानाचा भाग होता. त्यामुळे हा इतिहास मराठी वाचकाच्याही जवळचा आहे. प्रस्तुत लेखात हैदराबादच्या दोन क्लोरोफॉर्म आयोगांचे कार्य, त्यांचे निष्कर्ष आणि पुढील काळात त्या निष्कर्षांचे काय झाले, याचा आढावा घेतला आहे.

भूल देण्याची सुरुवात आणि नवे संकट

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे इथरची भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया जाहीरपणे दाखविण्यात आली. त्यानंतर वर्षभरात, नोव्हेंबर १८४७ मध्ये, एडिंबरोचे डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला. क्लोरोफॉर्मचा वास गोडसर होता, थोड्या मात्रेत भूल चढत असे आणि इथरप्रमाणे ते पेट घेत नसे. उष्ण हवेच्या हिंदुस्थानात तर ते अधिक सोयीचे ठरले, कारण इथर तेथे फार लवकर उडून जाई.

परंतु आनंदाला लवकरच गालबोट लागले. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मखाली काही मिनिटांतच मरण पावली. तिच्या मृत्यूच्या नेमक्या कारणाबद्दल आजही मतभेद आहेत. पुढे अशा घटना वारंवार घडू लागल्या. यात धडधाकट माणसे होती आणि त्यांच्यावरील शस्त्रक्रियाही किरकोळ होत्या. अनेकदा मृत्यू भूल पुरती चढण्यापूर्वीच येत असे.

या मृत्यूंचे कारण काय, याविषयी दोन पक्ष पडले. लंडनमधील अनेक डॉक्टरांचे म्हणणे असे होते की, क्लोरोफॉर्म थेट हृदय बंद पाडते. म्हणून भूल देणाऱ्याने नाडीवर बोट ठेवले पाहिजे. याउलट एडिंबरोचे प्रख्यात शल्यचिकित्सक जेम्स साइम यांची शिकवण अशी होती की, नाडीकडे पाहू नका, श्वासाकडे पाहा. श्वास बिघडला की भूल थांबवा. हृदयाची काळजी आपोआप घेतली जाईल. १८८० च्या सुमारास ग्लासगोच्या एका समितीने प्राण्यांवरील प्रयोगांतून क्लोरोफॉर्मने हृदय दुर्बल होते असे मत दिले. तरीही वाद मिटला नाही.

श्वसनाच्या नियमनाविषयी त्या काळचे ज्ञान

हा वाद समजून घेण्यासाठी त्या वेळचे शरीरशास्त्र कोठे पोहोचले होते हे पाहणे आवश्यक आहे. फ्रान्समधील लगाल्वा यांनी १८११-१२ मध्ये सशांवर प्रयोग करून दाखविले होते की, मेंदूचा वरचा भाग काढून टाकला तरी श्वास चालू राहतो. मात्र मेंदू जेथे पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला मिळतो त्या लंबमज्जेच्या एका लहान भागाला इजा झाली की श्वास तत्काळ थांबतो. येथूनच मज्जातंतूंमार्फत श्वासपटलाला आणि बरगड्यांमधील स्नायूंना आज्ञा जाते. हृदयाचे तसे नाही. हृदयाची गती मज्जातंतूंनी कमी-अधिक होत असली तरी त्याचा ठोका त्याच्या स्वतःच्या स्नायूतच निर्माण होतो. म्हणजे हृदय मेंदूच्या आज्ञेविना धडधडू शकते, पण फुप्फुसे स्वतःहून हलू शकत नाहीत.

१८६८ मध्ये हेरिंग आणि ब्रॉयर यांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली. फुप्फुसे फुगली की व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत मेंदूला खबर जाते आणि श्वास आत घेण्याची क्रिया थांबते. याप्रमाणे श्वासाचे केंद्र व त्याचे तंतू ज्ञात झाले होते. पण हे केंद्र प्रत्येक श्वास कोणत्या गरजेनुसार खोल किंवा उथळ करते, रक्तातील कोणता घटक त्याला जागे ठेवतो, याचे पक्के उत्तर १८८९ मध्ये कोणापाशीच नव्हते.

हैदराबादची वैद्यकीय परंपरा

हैदराबादमध्ये १८४६ साली, चौथे निजाम नासिरुद्दौला यांच्या कारकिर्दीत, वैद्यकीय विद्यालय स्थापन झाले. तेथे आधुनिक वैद्यक प्रारंभी उर्दूतून शिकविले जाई आणि उत्तीर्ण विद्यार्थ्यांना 'हकीम' ही पदवी मिळत असे. मुसी नदीच्या काठी अफजलगंज येथे पाचवे निजाम अफजलुद्दौला यांच्या काळात, १८६६ मध्ये, मोठे रुग्णालय उभे राहिले. विद्यालय आणि रुग्णालय यांच्या सहकार्यातून राज्यात प्रशिक्षित डॉक्टरांची एक पिढी तयार झाली.

१८८५ मध्ये डॉ. एडवर्ड लॉरी हे हैदराबादच्या रेसिडेन्सीचे शल्यचिकित्सक म्हणून आले व विद्यालयाची सूत्रेही त्यांच्याकडे आली. ते एडिंबरोचे विद्यार्थी आणि साइम यांचे कट्टर अनुयायी होते. अफजलगंज रुग्णालयात क्लोरोफॉर्म देण्याचे काम ते विद्यार्थ्यांवर सोपवीत. विद्यार्थ्याने केवळ रुग्णाच्या श्वासाकडे लक्ष द्यावे, नाडी तपासू नये, असा त्यांचा दंडक होता. त्यांच्या विद्यार्थ्यांमध्ये रूपाबाई फर्दुनजी या पारशी तरुणी होत्या. १८८५ मध्ये प्रवेश घेऊन १८८९ मध्ये त्या 'हकीम' झाल्या. पुढे हैदराबादच्या रुग्णालयांत त्यांनी दीर्घकाळ भूल देण्याचे काम केले, १९०९ मध्ये अधिक शिक्षणासाठी एडिंबरोला गेल्या व नंतर चादरघाट रुग्णालयाच्या अधीक्षक झाल्या. जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये त्यांची गणना केली जाते. ज्या काळात स्त्रियांना बहुतेक वैद्यकीय विद्यालयांचे दरवाजे बंद होते, त्या काळातील ही गोष्ट आहे.

पहिला आयोग : १८८८

आपले मत प्रयोगाने सिद्ध व्हावे म्हणून लॉरी यांनी १८८८ मध्ये सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारकडून एक आयोग नेमवून घेतला. डॉ. पॅट्रिक हेहिर हे त्याचे अध्यक्ष होते, डॉ. केली आणि शमारेट हे सदस्य होते. सव्वाशेहून अधिक कुत्र्यांना मृत्यू येईपर्यंत क्लोरोफॉर्म देण्यात आले. प्रत्येक वेळी असे आढळले की प्रथम श्वास थांबतो, हृदय त्यानंतर काही वेळाने बंद पडते. मधल्या अवधीत कृत्रिम श्वास दिला तर प्राणी वाचू शकतो, असेही दिसले.

१८८९ च्या प्रारंभी वैद्यकीय विद्यालयाच्या बक्षीस समारंभात लॉरी यांनी हे निष्कर्ष मोठ्या आत्मविश्वासाने मांडले. लंडनच्या 'लॅन्सेट' या सुप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकाने त्यावर शंका घेतली. त्याला हे निष्कर्ष मान्य करण्याजोगे वाटले नाहीत. यावर निजाम सरकारने दिलेले उत्तर इतिहासात नोंद घेण्यासारखे आहे. 'लॅन्सेट'नेच आपला जाणकार प्रतिनिधी हैदराबादला पाठवावा आणि प्रयोग पुन्हा करून पाहावेत. त्याच्या खर्चासाठी निजाम सरकार १००० पौंड देईल, असा प्रस्ताव ठेवण्यात आला. टीकाकाराला आपल्या खर्चाने बोलावून त्याच्यासमोर परीक्षा देण्याची ही तयारी वैज्ञानिक वृत्तीची द्योतक होती.

दुसरा आयोग : १८८९

'लॅन्सेट'ने लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील डॉ. थॉमस लॉडर ब्रंटन यांची निवड केली. औषधांचा शरीरावरील परिणाम या विषयात त्यांचा अधिकार मोठा होता. हृदयशूळावर अमिल नायट्राइट हे औषध त्यांनीच १८६७ मध्ये वापरात आणले होते. क्लोरोफॉर्म हृदयाला घातक ठरू शकते असे मानणाऱ्यांपैकी ते होते. दुसऱ्या आयोगाचे अध्यक्षपद लॉरी यांच्याकडे होते. ब्रंटन यांच्याशिवाय कलकत्त्याचे डॉ. जेराल्ड बॉमफर्ड आणि हैदराबादचे डॉ. रुस्तमजी हे सदस्य होते. ऑक्टोबर ते डिसेंबर १८८९ या काळात हे काम चालले.

या वेळी प्रयोगांची व्याप्ती मोठी होती. कुत्री, माकडे, घोडे, शेळ्या, मांजरे आणि ससे असे चारशेहून अधिक प्राणी वापरण्यात आले. अनेक प्राण्यांच्या धमनीला पाऱ्याचा दाबमापक जोडण्यात आला. काजळी लावलेल्या कागदाच्या फिरत्या दंडगोलावर एक सुई रक्तदाबाची रेषा उमटवीत असे. जर्मनीच्या कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये तयार केलेली ही पद्धत होती. हैदराबादमध्ये उमटलेल्या रेषांची छायाचित्रे काढून ठेवण्यात आली, जेणेकरून इतरांनाही त्या तपासता याव्यात. या कामासाठी मोठ्या संख्येने मुक्या प्राण्यांचा बळी गेला, याचाही विसर पडू नये.

निष्कर्ष पहिल्या आयोगासारखाच निघाला. क्लोरोफॉर्मचे प्रमाण वाढत गेले की रक्तदाब हळूहळू उतरतो, श्वास थांबतो आणि त्यानंतर हृदय थांबते. ब्रंटन यांनी आपले पूर्वीचे मत बदलले आणि तसे लंडनला तारेने कळविले. धोका अतिमात्रेचा आणि गुदमरण्याचा आहे, हृदयावर थेट आघात होत नाही, असे आयोगाने ठामपणे सांगितले.

आयोगाने भूल देणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक नियम घालून दिले. रुग्णाला आडवे झोपवावे. त्याच्या गळ्याभोवती व छातीवर घट्ट कपडे नसावेत. श्वास सतत पाहता आला पाहिजे. जबडा पुढे ओढून श्वासमार्ग मोकळा ठेवावा. श्वास अडला तर क्लोरोफॉर्म लगेच दूर करून कृत्रिम श्वास द्यावा. याशिवाय एक नियम विशेष महत्त्वाचा होता. भूल चढत असताना रुग्ण धडपडतो किंवा श्वास रोखून धरतो, अशा वेळी क्लोरोफॉर्मचे आवरण तोंडावरून बाजूला करावे. कारण रोखलेल्या श्वासानंतर तो खोल खोल श्वास घेतो आणि काही क्षणांतच घातक मात्रा आत जाते.

रोखलेल्या श्वासाचे गूढ

हा शेवटचा नियम निरीक्षणातून आला होता. रोखलेल्या श्वासानंतर खोल श्वास का येतो, याचा उलगडा १६ वर्षांनी झाला. १९०५ मध्ये इंग्लंडचे जॉन स्कॉट हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी दाखवून दिले की, विश्रांतीच्या वेळी श्वासाचे नियमन प्राणवायूच्या कमतरतेने नव्हे, तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणाने होते. फुप्फुसातील हवेत या वायूचे प्रमाण अवघे ०.२ टक्क्याने वाढले तरी आत-बाहेर होणारी हवा जवळजवळ दुप्पट होते. श्वास रोखला की हा वायू रक्तात साचतो, रक्ताची आम्लता वाढते आणि लंबमज्जेजवळील पेशी ते ताबडतोब ओळखतात. मग श्वास खोल व जलद होतो आणि साचलेला वायू बाहेर टाकला जातो. घाबरून श्वास रोखणाऱ्या रुग्णाच्या नाकातोंडावर क्लोरोफॉर्मचे फडके असेल, तर शरीराची हीच संरक्षक व्यवस्था त्याच्या जिवावर उठते.

पुढील काळात या चित्रात भर पडत गेली. बेल्जियमचे कॉर्नेल हेमान्स यांनी मानेतील धमनीजवळच्या सूक्ष्म संवेदकांचा अभ्यास केला. रक्तातील प्राणवायू घटला की हे संवेदक मेंदूला इशारा देतात. या संशोधनासाठी त्यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९१ मध्ये लंबमज्जेतील एक लहानसा पेशीसमूह श्वासाची लय निर्माण करण्यासाठी आवश्यक असतो असे आढळले. लगाल्वा यांनी सशात दाखविलेल्या जागेचा शोध अशा रीतीने पेशींपर्यंत पोहोचला.

क्लोरोफॉर्म या साऱ्या व्यवस्थेलाच बधिर करते. कार्बन डायऑक्साइड वाढला तरी केंद्र उत्तर देईनासे होते. श्वास उथळ होतो, नंतर थांबतो. त्या वेळी रक्ताभिसरण अजून सुरू असेल, तर बाहेरून दिलेल्या श्वासाने क्लोरोफॉर्म फुप्फुसांवाटे बाहेर जाते आणि केंद्र पुन्हा जागे होऊ शकते. आयोगाने वाचविलेल्या प्राण्यांच्या बाबतीत हेच घडत होते.

आयोगाची चूक

मग आयोग कोठे चुकला? १८९३ मध्ये केंब्रिजचे गॅस्केल आणि शोर यांनी एक कुशल प्रयोग केला. त्यांनी एका प्राण्याच्या मेंदूला दुसऱ्या प्राण्याचे रक्त मिळेल अशी जोडणी केली. त्यामुळे क्लोरोफॉर्म फक्त मेंदूला किंवा फक्त उरलेल्या शरीराला देता येऊ लागले. ते फक्त मेंदूला पोहोचले तेव्हा श्वास थांबला, पण रक्तदाब कोसळला नाही. मेंदू वगळून बाकी शरीराला पोहोचले तेव्हा रक्तदाब उतरला. याचा अर्थ, क्लोरोफॉर्म श्वासकेंद्राला बधिर करते हे खरे. पण ते हृदयालाही स्वतंत्रपणे दुर्बल करते.

याहून महत्त्वाचा शोध १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी लावला. मांजरांना हलकी भूल देऊन त्यांच्या रक्तात अॅड्रेनलिन सोडले असता हृदयाच्या जवनिकांची विस्कळीत थरथर सुरू होऊन ती एकाएकी मरण पावली. डॉक्टर तिला फिब्रिलेशन म्हणतात. अॅड्रेनलिन हे भीतीच्या वेळी शरीर स्वतःच तयार करते. भेदरलेला, धडपडणारा, अर्धवट भूल चढलेला रुग्ण किरकोळ शस्त्रक्रियेत का दगावत असे, याचे स्पष्टीकरण येथे मिळाले. अशा मृत्यूत हृदय आधी थांबते आणि श्वास नंतर काही क्षण चालू राहू शकतो. कृत्रिम श्वासाचा तेथे उपयोग होत नाही. विजेच्या धक्क्याने माणसाचे असे थरथरणारे हृदय पूर्ववत करण्यात प्रथम यश आले ते १९४७ मध्ये.

हैदराबादच्या प्रयोगांत हे सहसा दिसले नाही, कारण ते प्रयोग दुसऱ्या प्रकारच्या मृत्यूचे होते. तेथे प्राण्यांना गाढ भूल देऊन मात्रा वाढवत नेली जात होती. अतिमात्रेत श्वास आधी थांबतो हे त्यांचे निरीक्षण अचूक होते. परंतु त्यावरून 'हृदयाला थेट धोका कधीच नाही' असा सर्वव्यापी सिद्धांत काढणे चुकीचे होते. जे मृत्यू समजून घ्यायचे होते, त्यांची परिस्थिती प्रयोगात उभीच केली गेली नव्हती. प्रयोगांची संख्या शेकड्यांनी वाढवूनही ही उणीव भरून निघाली नाही. लॉरी मात्र आपल्या मतावर ठाम राहिले. नाडी पाहण्याची गरज नाही या शिकवणुकीमुळे पुढील अनेक वर्षे काही भूल देणाऱ्यांनी धोक्याची एक महत्त्वाची खूण दुर्लक्षित केली असावी, असे म्हणण्यास जागा आहे.

समारोप

हैदराबादच्या आयोगांचे मूल्यमापन करताना दोन्ही बाजू लक्षात घेतल्या पाहिजेत. त्यांचा सैद्धांतिक निष्कर्ष अपुरा ठरला. पण मोकळा श्वासमार्ग, श्वासाकडे अखंड लक्ष आणि श्वास थांबताच तत्काळ कृत्रिम श्वास हे त्यांनी सांगितलेले नियम आजही भूलशास्त्राचा पाया आहेत. लंडनच्या पक्षाचा नाडीचा आग्रहही योग्यच होता. दोन्ही पक्षांना अर्धे सत्य सापडले होते आणि प्रत्येकाने आपले अर्धे सत्य पूर्ण मानले होते. आज शस्त्रक्रियागृहात रुग्णाच्या बोटाला लावलेला लहानसा चिमटा प्राणवायू आणि नाडी दोन्ही दाखवितो, तर दुसरे यंत्र प्रत्येक उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजते. साइम यांचा श्वास आणि लंडनची नाडी आता एकाच पडद्यावर शेजारी-शेजारी दिसतात. क्लोरोफॉर्म मात्र भूल देण्याच्या वापरातून केव्हाच गेले आहे.

अफजलगंजचे ते जुने रुग्णालय सप्टेंबर १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरात उद्ध्वस्त झाले. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात अफजलगंज भागातच उस्मानिया रुग्णालय उभे राहिले आणि जुन्या वैद्यकीय विद्यालयाचा वारसा उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयाकडे आला. एका देशी संस्थानाने आपल्या तिजोरीतून जगाच्या एका कठीण प्रश्नावर संशोधन करविले, प्रतिपक्षाला सन्मानाने बोलावले आणि प्रयोगांच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवल्या. त्या नोंदी व अहवाल उघड होते, म्हणूनच पुढच्या संशोधकांना आयोगाची चूक दाखविता आली. विद्यार्थ्यांनी आणि संशोधकांनी या इतिहासातून घ्यावा असा बोध हाच होय.